बाहेरचा स्पीकर

ट्रेलर जवळजवळ पुरा झाला, तेव्हा आदिनाथ आणि सविताच्या भांडणाला एकच विषय उरला होता. स्टिरिओ बसवायचा का, आणि बसवायचा तर कुठं.

ट्रेलर आदिनाथनं स्वतःच्या हातानं बांधला होता. देहूरोडच्या डेपोत तो गाड्यांच्या दुरुस्तीला होता. सुटीच्या दिवशी एका वेल्डर मित्राच्या शेडमध्ये खपून त्यानं चाकांवर ही एवढीशी खोली उभी केली. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लायवुड. आत एक पलंग, पायथ्याशी शेगडीचा ओटा, एका बाजूला दार आणि दाराशेजारी जाळीची खिडकी. आत दोघं उभे राहिले तर तिसऱ्यानं पलंगावर बसायचं, एवढीच जागा.

"स्पीकर बाहेरच्या भिंतीत," आदिनाथ म्हणायचा. "आपण तिथं जाऊन आत बसणार आहोत का? बाहेर खुर्च्या टाकणार, चहा पिणार. मग गाणी बाहेर नकोत?"

"मला आत हवाय. उशाशी," सविता म्हणायची.

आदिनाथची आई, सरुबाई, दोघांकडं बघून मान हलवायच्या. त्या मूळच्या तळेगावजवळच्या इंदुरी गावच्या. सून-मुलाबरोबर क्वार्टरमध्ये राहून वीस वर्षं झाली तरी बोलणं तिकडचंच होतं. "रानात जायाचं आन गानी कशापायी न्यायाची? तितं ऐकायला काय कमी हाय व्हय?"

सविताला गाणी ऐकायची नव्हती. तिला रानातली शांतता नको होती. दोन वर्षांपूर्वी आदिनाथ रात्रपाळीला असताना कुणीतरी बाहेरून त्यांच्या क्वार्टरची कडी हलवत होतं. हळूहळू, घाई नसल्यासारखं. सरुबाई तेव्हा लेकीकडं गेल्या होत्या. सविता फोन हातात धरून पलंगावर बसून राहिली. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. जो कोणी होता तो काही वेळानं निघून गेला. तेव्हापासून ती रेडिओ चालू ठेवून झोपायची. शांत झालं की तिला सगळं ऐकू यायचं, नळाचा थेंबसुद्धा, आणि प्रत्येक आवाजाला ती उठून बसायची. आदिनाथला कडीची गोष्ट माहीत होती, पण रेडिओचं कारण तेच असेल हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तो त्याला सविताची सवय म्हणून हसायचा, आणि तिनंही कधी समजावून सांगितलं नाही.

शेवटी त्यानं डेक आणि दोन लहान स्पीकर आत, पलंगावरच्या फळीवर बसवले. सविताला वाटलं, ऐकलं आपलं. पण पुढच्या रविवारी ती शेडमध्ये गेली, तेव्हा दाराशेजारच्या भिंतीला जेवणाच्या वाटीपेक्षा मोठं गोल भोक पडलेलं होतं आणि आदिनाथ जिगसॉ हातात घेऊन प्लायवुडचा भुसा फुंकत होता.

"हे काय?"

"बाहेरचा स्पीकर. आतला पण राहील, बाहेरचा पण. भांडण मिटलं."

"विचारलं का नाही मला?"

"एवढ्याशा भोकाला काय विचारायचं, सविता?"

पण मागवलेला स्पीकर आला तो भोकापेक्षा लहान निघाला. तो बसवायला मधे एक लाकडी रिंग हवी होती. तोपर्यंत म्हणून आदिनाथनं भोकावर आतून पुठ्ठा लावला आणि चारी बाजूंनी खाकी चिकटपट्टी मारली. तसाच ट्रेलर जीपला जोडून फेब्रुवारीच्या शेवटी, एका शनिवारी, ते तिघं तिकोणा पेठेला निघाले. पहिलीच खेप, काय जमतंय काय नाही ते बघायला.

तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याला नथू नावाच्या ओळखीच्या शेतकऱ्याचं कापणी झालेलं रान होतं. बांधाला एक जुनं जांभळाचं झाड. त्याच्या थोडं अलीकडं ट्रेलर लावला, जीपपासून सोडवला, चाकांना दगड लावले. नथू येऊन घाटे लगडलेली हरभऱ्याची जुडी देऊन गेला. जाताना म्हणाला, "काय लागलं तर हाक मारा. घर हितंच हाय, त्या गवताच्या गंजीमागं." सरुबाईंनी जांभळाखाली खुर्ची मांडली आणि मांडीवर परात घेऊन घाटे सोलायला बसल्या. वर किल्ल्याचा काळा कडा उन्हात तापत होता. कड्याला आग्या मोहोळाची पोळी लटकलेली दिसत होती, पण ती फार उंच, फार लांब होती. कुणी त्यांच्याकडं दुसऱ्यांदा पाहिलंही नाही.

"स्पीकर आणलाय बरोबर," आदिनाथ म्हणाला. "पवनानगरला सुतार आहे. रिंग कापून आणतो, दुपारी बसवून टाकू."

"आजच बसवायला हवा का?"

"तासाभरात येतो," म्हणत तो जीप घेऊन गेला.

जीपचा आवाज वळणाआड गेला आणि रान एकदम गप्प झालं. सविता ट्रेलरमध्ये गेली. पिठल्यासाठी कांदा चिरायला घेतला, पण लक्ष लागेना. लांब कुठंतरी पाचोळा वाजला तरी मान वळत होती. तिनं डेक लावला आणि आवाज मोठा केला. मग अजून थोडा. छोट्याशा खोलीत गाणं भरून गेलं, तसा तिला जरा धीर आला.

किती वेळ गेला ते तिला नंतर आठवेना. कांदा चिरून झाला होता, शेगडी पेटवली होती. तेवढ्यात वरच्या पत्र्यावर कुणी मूठभर तांदूळ टाकल्यासारखं वाजलं. मग पुन्हा. तिला वाटलं, वाऱ्यानं जांभळाच्या काटक्या येऊन पडताहेत. खिडकीच्या जाळीवर एक मोठी, लांबट माशी बसलेली दिसली. तिच्याशेजारी दुसरी येऊन बसली. कढई ठेवायला ती वळली आणि परत पाहिलं तर जाळीचा खालचा अर्धा भाग तपकिरी झाला होता आणि हलत होता.

तिनं हात लांब करून डेक बंद केला.

गाणं थांबलं. आवाज थांबला नाही. छतातून, भिंतींतून, पायाखालच्या फळीतून एकच जाड घूं घूं येत होती, ट्रेलर जणू एखाद्या चालू इंजिनावर ठेवला होता. आणि त्या आवाजाच्या आडून हाक आली.

"सविता! अगं सविता! बया बया बया..."

ती केव्हापासून येत होती, कुणास ठाऊक.

सवितानं दार ढकललं आणि एक पाय पायरीवर ठेवला. सरुबाई जांभळाखाली उभ्या होत्या, पदर तोंडावर ओढलेला, दोन्ही हात हवेत झाडत. परात पालथी पडली होती. त्यांच्याभोवतीची हवा काळी दिसत होती. सविता पुढं झाली तोच पापणीवर आग लागल्यासारखं झालं, मग मनगटावर, मग मानेत. ती किंचाळली, मागं सरली आणि दार ओढून घेतलं. कडी लावली.

मग कडीवरचा हात तसाच राहिला. 'आई बाहेर आहेत' एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं आणि हात काही कडी काढत नव्हता. तिला हाक मारायची होती, 'इकडं या, दाराकडं या', पण घशातून नुसती हवा आली. बाहेर सरुबाईंनी पुन्हा तिचं नाव घेतलं. या वेळी आवाज बारीक होता.

पायाशी काहीतरी पडलं म्हणून तिनं खाली पाहिलं. माशी होती. वर पाहिलं तर पुठ्ठ्याचा एक कोपरा सुटला होता. सकाळपासूनच्या उन्हानं पत्रा तापला होता, पट्टीचा डिंक पातळ झाला होता, आणि त्या फटीतून माशा एकीमागून एक, अगदी शिस्तीत आत येत होत्या. तिच्या डोळ्यांदेखत दुसरा कोपरा सुटला.

सवितानं उशी उचलली आणि दोन्ही हातांनी भोकावर दाबली. उशीतून पलीकडची थरथर तिच्या तळव्यांना लागत होती. आत आलेल्या माशा दिव्याभोवती आपटत होत्या, एक केसात शिरली होती. उशी सोडली तर खोली भरणार. धरून ठेवली तर सरुबाई तिकडं तशाच राहणार. ती मोठ्यानं रडायला लागली, आणि रडता रडता तिच्या लक्षात आलं की आवाज फुटलाय.

"आई! खाली बसा! डोकं झाका! आले मी!"

एका कोपरानं उशी दाबून तिनं दुसऱ्या हातानं पलंगावरची गादी ओढली, उभी केली, भिंतीला टेकवली. शेगडी बंद करून छोटा सिलिंडर पायानं सरकवत आणला आणि गादीला टेकण म्हणून लावला. ओढणी तोंडाभोवती दोनदा गुंडाळली. सरुबाईंची गोधडी डोक्यावरून घेतली. मग तिनं कडी काढली.

बाहेर पाऊल टाकलं आणि गोधडीवर सरी पडल्यासारखा मार सुरू झाला. तिला फक्त पायाखालची ढेकळं दिसत होती. त्या अंदाजानं ती झाडाकडं धावली आणि खुर्चीला अडखळून पडलीच, ती थेट सरुबाईंच्या अंगावर. सरुबाई गुडघ्यांवर बसल्या होत्या, कपाळ मातीला टेकलेलं. सवितानं गोधडी दोघींवर ओढली. आतही माशा होत्या. अंधारात, तोंडाशी तोंड आलेलं असताना सरुबाई म्हणाल्या, "गुडघा धरलाय गं. न्हाई उठवत. तू जा."

"उठा."

"जा म्हनते ना!"

"उठा, आई. नाहीतर मी पण इथंच बसते."

काखेत हात घालून तिनं सासूला उभं केलं. दोघी एका गोधडीत, वाकून, फरफटत निघाल्या. ट्रेलर अंगणाच्या टोकाला असावा एवढाच लांब होता, पण मधेच सविताला वाटलं आपण दिशा चुकलो. हात पुढं केला तर गरम पत्रा लागला. ती पत्रा चाचपत दारापाशी आली. सरुबाईंना पायरीवर पाय उचलेना. सवितानं खांदा लावून त्यांना मागून आत लोटलं, स्वतः आत पडली, गोधडी बाहेरच टाकली आणि दार लावलं.

आत शिरलेल्या माशा तिनं कांदा चिरायच्या पाटानं मारल्या. भिंतीवर, ओट्यावर, सरुबाईंच्या पाठीवरसुद्धा. शेवटची मारून झाली तेव्हा पाटाचा एक तुकडा उडाला होता.

मग तिनं सरुबाईंकडं नीट पाहिलं. एक डोळा पूर्ण मिटला होता. ओठ, कान, हातांची बोटं सुजून गुळगुळीत झाली होती. मानेवर काटे रुतलेले दिसत होते, ते ती नखानं खरवडून काढायला लागली. सरुबाई एकदा ओकल्या. त्यांचा श्वास आत जाताना बारीक शिट्टी वाजत होती.

फोनला खिडकीशी कशीबशी रेंजची एक रेघ दिसली.

"अहो, आग्यामाश्या. आईंना खूप चावल्यात. आम्ही आत आहोत. तुम्ही काच उघडू नका, जीपमधून उतरू नका, ऐकताय ना?"

पलीकडून आदिनाथ म्हणाला, "आई बोलतेय का?"

"बोलतात. पण श्वास नीट नाही. लवकर काहीतरी करा."

"नथूभाऊंना गाठतो. आलोच."

आता वाट बघण्याखेरीज काही नव्हतं. सविता गादीला पाठ लावून जमिनीवर बसली, सरुबाईंचं डोकं मांडीवर घेतलं. मागून गादी थरथरत होती. ऊन चढत होतं, आतली हवा गरम झाली होती, आणि खिडकी उघडायची सोय नव्हती. सिलिंडर निसटला तर? एखादा पत्रा आणखी कुठं सैल असला तर? तिची नजर छताच्या प्रत्येक सांध्यावरून फिरत होती.

सरुबाई पुटपुटल्या, "ते लाव की गं तुजं."

"काय?"

"गानं. हे न्हाई ऐकवत मला."

डेक डोक्यावरच होता. हात वर केला असता तर बटण लागलं असतं. तिलाही तेच हवं होतं, आवाज मोठा करून ही घूं घूं बुडवून टाकायची. पण मग ती बारीक शिट्टी ऐकू आली नसती. ती थांबली असती तरी कळलं नसतं.

"नको आई. मला तुमचा श्वास ऐकायचाय," ती म्हणाली. "तुम्हीच बोला. इंदुरीचं सांगा. नदीवर काय करायचात?"

"काय करनार... धुनी," सरुबाई म्हणाल्या. मग थांबल्या. सवितानं त्यांचा खांदा हलवला. "आन मासं. माजा भाऊ मासं धरायचा टोपलीनं. मी वर उबी ऱ्हायाची, बाप आला का सांगायला."

"मग? आले की काय करायचात?"

"खोकायची."

"खोकून दाखवा."

सरुबाईंनी खोकायचा प्रयत्न केला. सविता दर थोड्या वेळानं काहीबाही विचारत राहिली, आणि उत्तर यायला उशीर झाला की पुन्हा खांदा हलवायची. दोनदा उत्तराऐवजी सरुबाईंनी नुसता तिचा हात दाबला.

हॉर्न ऐकू आला तेव्हा तिला आधी खरं वाटेना. जाळीतून धूर दिसला. नथू अंगावर खताच्या गोण्या आणि प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून, दोन घमेल्यांत ओला पेंढा पेटवून पुढं चालत होता आणि त्याच्या मागं, त्याच धुरातून, आदिनाथ जीप अंदाजानं आणत होता. नथूनं एक घमेलं दाराशी ठेवलं, दुसरं चाकाशी. धूर दाट झाला तशी जाळीवरची तपकिरी चादर विरळ झाली. दारावर थाप पडली.

"ताई, उघडा! म्हातारीला द्या हिकडं, बिगीबिगी!"

सरुबाईंना दोघांनी उचलून मागच्या सीटवर टाकलं. माशा अजून होत्याच. आदिनाथला कानामागं चार-पाच डसल्या, पण त्यानं हात वर केला नाही. काचा बंद करून जीप निघाली. सविता मागं सरुबाईंच्या छातीवर हात ठेवून बसली होती. धुरानं आणि रडण्यानं तिचा घसा बसला होता.

पवनानगरच्या दवाखान्यात लगेच इंजेक्शन दिलं, नळी लावली, आणि तिथून अँब्युलन्सनं तळेगावला नेलं. संध्याकाळपर्यंत श्वासातली शिट्टी गेली. डॉक्टर म्हणाले, वय बघता अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. सवितालाही इंजेक्शन घ्यावं लागलं, तिचा डोळा दोन दिवस उघडला नाही.

कुणी म्हणालं, वर ट्रेकला आलेल्या पोरांनी कड्याखाली जाळ केला. कुणी म्हणालं, घारीनं पोळ्यावर झडप घातली. नथूला विचारलं तर तो म्हणाला, "कुनाला ठावं?" सविताला मात्र आपल्या गाण्याचा मोठा आवाज आठवत राहिला. तसं काही नसतं असं तिला चौघांनी सांगितलं. तिनं मान डोलावली, पण तिचं समाधान झालं नाही.

दुसऱ्या दिवशी आदिनाथ औषधं आणायला खाली गेला, तेव्हा ती सरुबाईंच्या खाटेशी एकटी होती. हे बोलायलाच हवं होतं. तिनं सुरुवात केली, "आई, मी आधी दार..."

"तेच म्हनते मी," सरुबाईंनी सुजलेल्या ओठांनी मधेच तोडलं. "एकदा लावलंवतंस ना दार? मला दिसलं, तवा जरा बरं वाटलं, म्हनलं ही तरी वाचली. मग पुन्ना उगडलंस कशाला? दोगी गेलो असतो म्हंजी? माजं लेकरू काय करनार हुतं?"

सरुबाई खरोखरच चिडल्या होत्या. "आता पानी दे," त्या म्हणाल्या, आणि पाणी पिऊन कूस वळवून झोपल्या.

घरी आल्यावर आदिनाथ एकदा जेवताना म्हणाला, "मी ते भोक पाडलं नसतं तर..."

"भोक नसतं तरी माशा आल्याच असत्या," सविता म्हणाली. "पण मी हाक ऐकली असती. गाणं मोठं होतं म्हणून ऐकली नाही. आणि गाणं मोठं का होतं ते तुम्हाला ठाऊक नाही." मग तिनं त्याला कडीच्या रात्रीनंतरचं सगळं सांगितलं, रेडिओचं, नळाच्या थेंबाचं. तो घास हातात धरून ऐकत राहिला. "मला वाटायचं तुला आवडतो रेडिओ," एवढंच म्हणाला.

भोकावर त्यानं पत्रा लावून रिव्हेट मारले. डेक काढून एका मित्राला देऊन टाकायचं त्याच्या मनात होतं. सवितानं नको म्हटलं. डेक आतच राहिला, पण फळीवरून खाली, ओट्याशेजारी आला, बसल्या जागेवरून तिचा हात पोचेल असा. बाहेरचा आवाज ऐकू येईल एवढाच तो लावायचा, हे तिनं ठरवलं. क्वार्टरमधला रेडिओही आता ती झोपताना लावत नाही. झोप तशी लागतच नाही, पण निदान कान मोकळे असतात.

सरुबाई पुन्हा कधी ट्रेलरबरोबर आल्या नाहीत. गुडघ्याचं निमित्त सांगतात. त्यांना कुणी आग्रहही करत नाही.

नोव्हेंबरात दोघंच पवनेच्या काठाला गेले. सवितानं आधी आजूबाजूची झाडं खालून वरपर्यंत बघितली. आदिनाथनं काही न बोलता तिच्याबरोबर फिरून बघितली. खुर्च्या मांडल्या, चहा ठेवला. तेवढ्यात वाऱ्यानं गवत हललं, कुठंतरी एक भुंगा गुणगुणला, आणि सविता उठून सरळ जीपमध्ये जाऊन बसली. काचा वर केल्या.

थोड्या वेळानं आदिनाथ दोन कप घेऊन आला. दार उघडून पटकन आत शिरला, पटकन लावून घेतलं. तिच्या हातात कप दिला. दोघांनी बंद जीपमध्ये बसून चहा प्यायला. काचांवर वाफ धरली, ती आदिनाथनं बाहीनं पुसली, तिच्या बाजूचीसुद्धा.